केमोला इम्युनोथेरपीची जोड: कुत्र्यांच्या कर्करोगावरील संयुक्त उपचार कुठवर आले?

कुत्र्याच्या पायाच्या हाडात ऑस्टिओसार्कोमा निघाला, की पशुवैद्य पाय काढण्याचा सल्ला देतात आणि जखम भरल्यावर कार्बोप्लॅटिनची केमो सुरू करतात. पहिला धक्का ओसरला, की पाळकाच्या मनात पुढचा प्रश्न येतो: माणसांना हल्ली केमोसोबत इम्युनोथेरपी देतात, तशी आमच्या कुत्र्याला देता येईल का?

प्रश्न रास्त आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगावर केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दिले गेले. वर्षभरानंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण केवळ केमो घेणाऱ्यांत सुमारे ४९ टक्के होते, तर जोड मिळालेल्यांत ६९ टक्के. या औषधांमागचे मूलभूत संशोधन करणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना त्याच वर्षी नोबेल मिळाले. कुत्र्यांमध्ये मात्र अशा जोडउपचाराचे प्रयोग त्याच्या दोन दशकांहून अधिक आधीपासून चालू आहेत. त्यांतून काय हाती लागले, तज्ज्ञांमध्ये कोणते मतप्रवाह आहेत आणि कोणते प्रश्न सुटायचे आहेत, याचा हा आढावा.

कुत्र्याची केमो: उद्देशच वेगळा

माणसांच्या केमोचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून कुत्र्याच्या केमोचा विचार केला, तर अंदाज चुकतो. माणसात अनेकदा रोग समूळ नष्ट करण्यासाठी सोसवेल तितका मोठा डोस दिला जातो. कुत्र्यात उद्देश असतो तो उरलेला काळ चांगला जावा हा. त्यामुळे डोस बेताचे असतात. बहुतेक कुत्रे खातात-पितात, फिरायला जातात. इस्पितळात दाखल करण्याची वेळ थोड्यांवरच येते. डोस ठरतो शरीराच्या पृष्ठभागावरून: कार्बोप्लॅटिन साधारण ३०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, दर तीन आठवड्यांनी. पुढच्या डोसाआधी रक्त तपासतात आणि पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील तर डोस काही दिवस पुढे ढकलतात.

लिम्फोमासाठी, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगासाठी, 'चॉप' ही पद्धत रूढ आहे. सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टीन आणि प्रेडनिसोलोन ही औषधे आलटूनपालटून साधारण १९ ते २५ आठवडे देतात. बी-पेशींच्या लिम्फोमात बहुसंख्य कुत्र्यांच्या गाठी जिरतात, पण रोग बहुधा परततो आणि निम्मे कुत्रे वर्षभराच्या आसपासच जातात. टी-पेशींच्या प्रकारात निकाल आणखी वाईट आहेत. म्हणजे केमो काम करते, पण एका ठिकाणी येऊन थांबते. तिथून पुढे जायचे कसे, या गरजेतून इम्युनोथेरपीचा विचार पुढे आला.

एकत्र आणण्यामागचे तर्क

शरीराची प्रतिकारयंत्रणा कर्करोगावर वळवता येते, ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९०च्या दशकात सार्कोमाच्या रुग्णांना जिवाणूंचे विष टोचण्याचे प्रयोग केले. कुत्र्यांतही तसा दुवा दिसला आहे. ऑस्टिओसार्कोमा झालेल्या काही कुत्र्यांचा पाय न काढता फक्त रोगट हाड काढून जागा भरतात. अशा शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला ते कुत्रे इतरांपेक्षा जास्त जगले, अशी नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली.

केमो आणि प्रतिकारशक्ती यांचे नाते मात्र सरळ नाही. केमो पांढऱ्या पेशी कमी करते. मग त्याच पेशींच्या बळावर चालणारा उपचार सोबत देऊन काय साधणार, ही पहिली शंका. चॉपमधले प्रेडनिसोलोन तर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठीच ओळखले जाते.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने मरणारी कर्कपेशी गुपचूप मरत नाही. मरताना ती कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन पृष्ठभागावर आणते आणि एटीपी बाहेर सोडते. त्या खुणांमुळे प्रतिकारपेशी तिच्याकडे ओढल्या जातात. सायक्लोफॉस्फामाइडचा छोटा डोस रोज दिला, तर प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशी कमी होतात. सॉफ्ट टिश्यू सार्कोमाच्या कुत्र्यांवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज १५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर या डोसाने हे दिसले. केमोमुळे प्रतिकारशक्ती पार कोलमडते, हेही पूर्ण खरे नाही. २००६ सालच्या एका अभ्यासात अनेक औषधांच्या केमोने बी-पेशी घटल्या, पण आधीच्या लसींमुळे तयार झालेली प्रतिपिंडे फारशी उतरली नाहीत.

तेव्हा केमो ही इम्युनोथेरपीची मित्र की शत्रू, याचे एकच उत्तर नाही. औषध कोणते, डोस किती आणि वेळ कोणती, यावर ते ठरते.

हाडाचा कर्करोग: क्रमाचा धडा

वेळेचे महत्त्व सर्वात स्पष्ट दिसले ते ऑस्टिओसार्कोमात. पाय काढला तरी बहुतेक कुत्र्यांत रोगाचे कण आधीच फुप्फुसात पोहोचलेले असतात. विस्कॉन्सिन विद्यापीठात ग्रेगरी मॅकईवेन आणि सहकाऱ्यांनी यासाठी एल-एमटीपी-पीई हे औषध वापरले. जिवाणूंच्या भिंतीतल्या घटकासारखे रसायन चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून शिरेतून दिले जाते आणि ते फुप्फुसातल्या भक्षक पेशींना चेतवते. १९८९च्या चाचणीत पाय काढल्यावर केवळ हे औषध मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य २२२ दिवस होते, तर रिकामे थेंब मिळालेल्यांचे ७७ दिवस. मध्यक म्हणजे निम्मे कुत्रे ज्यापेक्षा जास्त जगले तो आकडा.

१९९५ साली याच गटाने केमोची जोड तपासली. पहिल्या चाचणीत सिस्प्लॅटिनचे डोस पूर्ण झाल्यावर एल-एमटीपी-पीई दिले. मध्यक आयुष्य ९.८ महिन्यांवरून १४.४ महिन्यांवर गेले. दुसऱ्या चाचणीत दोन्ही औषधे एकाच काळात दिली, तेव्हा हा फायदा दिसला नाही. औषधे तीच, रोग तोच. बदलला तो क्रम. प्लीहेच्या हेमँजिओसार्कोमात मात्र डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडसोबत हेच औषध देऊन आयुष्य वाढल्याचे त्याच वर्षी दिसले. म्हणून 'आधी केमो, मग इम्युनो' हा क्रमही सगळीकडे लागू करता येत नाही.

कुत्र्यांवरचे हे काम माणसांपर्यंत पोहोचले. लहान मुले आणि तरुणांमधल्या ऑस्टिओसार्कोमाच्या मोठ्या चाचणीत केमोसोबत हे औषध दिल्यावर सहा वर्षे हयात राहणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांवरून ७८ टक्के झाले. युरोपने २००९ साली मिफाम्युर्टाइड या नावाने त्याला मान्यता दिली, पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाला तो पुरावा पुरेसा वाटला नाही. एकाच चाचणीवरून दोन नियामकांनी दोन निर्णय घेतले.

यानंतरचा गाजलेला प्रयोग पेनसिल्वेनिया विद्यापीठातला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. दुबळा केलेला लिस्टेरिया जिवाणू कर्कपेशींवरचे एचईआर-टू हे प्रथिन शरीराला 'दाखवतो', अशी ही लस. पाय काढून आणि कार्बोप्लॅटिन देऊन झाल्यावर, रोग पसरल्याचे दिसत नसलेल्या १८ कुत्र्यांना ती दिली. मध्यक आयुष्य ९५६ दिवस निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या कुत्र्यांचे ४२३ दिवस. आकडा उमेद वाढवणारा होता आणि अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१७ साली सशर्त परवाना दिला. पुढे लसीतलाच जिवाणू कुत्र्याच्या शरीरात टिकून संसर्ग झाल्याची नोंद झाली. लिस्टेरिया माणसांनाही बाधतो, त्यामुळे घरात गरोदर स्त्री किंवा आजारी माणूस असेल तर हा धोका क्षुल्लक मानता येत नाही.

लिम्फोमा: माणसांची वाट जशीच्या तशी चालली नाही

माणसांच्या बी-पेशी लिम्फोमात चॉपला रिटुक्सिमॅबची जोड मिळाली आणि उपचाराचे चित्र पालटले. ते प्रतिपिंड बी-पेशींवरच्या सीडी-२० प्रथिनाला चिकटते. कुत्र्याच्या सीडी-२०ला मात्र ते चिकटत नाही, म्हणून कुत्र्यासाठी वेगळे प्रतिपिंड बनवावे लागले. ब्लोंटुव्हेटमॅब हे त्यांपैकी एक. त्याला २०१५ साली अमेरिकेत परवाना मिळाला, पण ते अपेक्षेइतके नेमके लक्ष्यावर बसत नाही असे पुढे स्पष्ट झाले आणि त्याचा वापर रुजला नाही. त्यानंतर जपान आणि अमेरिकेत अधिक प्रभावी प्रतिपिंडे तयार झाली असून केमोसोबत त्यांच्या चाचण्या होत आहेत.

इटलीत दुसरी वाट चोखाळली गेली. कुत्र्याच्या स्वतःच्याच गाठीतून प्रथिने वेगळी काढून त्यांची लस करायची आणि ती केमोसोबत द्यायची. २०१४ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी आकाराने लहान, पण रचनेने काटेकोर होती. कोणाला लस आणि कोणाला प्लासिबो हे चिठ्ठ्यांनी ठरवले आणि ते पाळकाला वा डॉक्टरला माहीत नव्हते. १९ कुत्र्यांत लस मिळालेल्यांचे मध्यक आयुष्य ५०५ दिवस, प्लासिबो मिळालेल्यांचे १५९ दिवस. चॉपमध्ये स्टेरॉइड असूनही लस निष्प्रभ ठरत नाही, असे यातून सुचते. पण प्लासिबो गटातले कुत्रे दहाहूनही कमी होते, हे विसरून चालणार नाही.

मेलॅनोमा आणि चेकपॉइंट औषधे

तोंडातल्या मेलॅनोमावर केमोचा प्रभाव मुळातच तोकडा. इथे इम्युनोथेरपी आधी पोहोचली. माणसाच्या टायरोसिनेज प्रथिनाचा डीएनए वापरून न्यूयॉर्कमध्ये विकसित झालेल्या ऑनसेप्ट या लसीला २००७ साली सशर्त आणि २०१० साली पूर्ण परवाना मिळाला. दोन आठवड्यांच्या अंतराने चार डोस आणि पुढे दर सहा महिन्यांनी एक, असा तिचा क्रम आहे. तिच्या बाजूचा मुख्य अभ्यास २०११ साली आला, पण त्यात तुलना जुन्या नोंदींशी होती. २०१३ सालच्या ४५ कुत्र्यांच्या पुनर्विलोकनात लस मिळालेल्या आणि न मिळालेल्या कुत्र्यांत फरक दिसला नाही. या वादाचा निकाल लागलेला नाही.

चेकपॉइंट औषधे आता कुत्र्यांसाठीही आली आहेत. कर्कपेशी पीडी-एल-१ या प्रथिनाने टी-पेशींना थोपवून धरते. ही औषधे तो अडसर काढतात. जपानमधील होक्काइदो विद्यापीठाने २०२१ साली फुप्फुसात पसरलेल्या तोंडाच्या मेलॅनोमाच्या २९ कुत्र्यांवरचे निकाल दिले: मध्यक आयुष्य १४३ दिवस, जुन्या गटात ५४ दिवस. गाठ प्रत्यक्ष आक्रसल्याचे मात्र फार थोड्यांत दिसले. २०२३ साली टी-पेशीवरच्या पीडी-१ला रोखणाऱ्या गिलव्हेटमॅब या प्रतिपिंडाला अमेरिकेत मेलॅनोमा आणि मास्ट सेल ट्यूमरसाठी सशर्त परवाना मिळाला. सशर्त परवान्याचा अर्थ नीट समजून घ्यावा: औषध सुरक्षित आहे आणि ते चालेल अशी वाजवी अपेक्षा आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

माणसांत ज्या जोडीने मोठा फरक पडला, म्हणजे केमो अधिक चेकपॉइंट औषध, तिच्या बाजूने कुत्र्यांत अजून भरभक्कम पुरावा उभा राहिलेला नाही.

आपल्या रस्त्यावरची गाठ

वर आलेली बहुतेक औषधे महाग आहेत आणि परदेशी परवान्यांवर चालतात. पण एक कर्करोग असा आहे, की तो महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक पशुवैद्याने पाहिलेला असतो: टीव्हीटी, म्हणजे संसर्गाने पसरणारा जननेंद्रियाचा ट्यूमर. भटक्या कुत्र्यांत तो सर्रास आढळतो. फुलकोबीसारखी, सहज रक्त येणारी लाल गाठ जननेंद्रियावर येते. हुंगण्या-चाटण्यातून कधी नाकातही. या रोगात विषाणू पसरत नाही, जिवंत कर्कपेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते. कुत्र्याच्या निरोगी पेशीत ७८ गुणसूत्रे असतात, या पेशींत साधारण ५७ ते ६४. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींची ही वंशावळ आहे.

दुसऱ्याच्या पेशी शरीर खरे तर झिडकारते. या पेशी स्वतःची ओळख सांगणारी प्रथिने लपवून टिकतात. उपचार मात्र साधा आणि स्वस्त: व्हिन्क्रिस्टीन, ०.५ ते ०.७ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, आठवड्यातून एकदा शिरेतून, साधारण चार ते सहा वेळा. इंजेक्शन शिरेबाहेर गेले तर कातडी आणि आतले मांस जळते, म्हणून हात स्थिर लागतो आणि कुत्रा नीट धरावा लागतो. बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात.

केमोने इतका सुरेख प्रतिसाद का मिळतो, याचे उत्तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून मिळू लागले. उपचाराआधी आणि नंतर घेतलेल्या तुकड्यांची तुलना केली, तेव्हा विरघळणाऱ्या गाठीत आधी दाह उसळतो, मग टी-पेशी, बी-पेशी आणि एनके-पेशी आत शिरतात आणि त्यानंतर गाठ आवरते असे दिसले. म्हणजे व्हिन्क्रिस्टीन पेशी मारते, शिवाय लपलेली गाठ प्रतिकारयंत्रणेच्या नजरेसही आणून देते. झिम्बाब्वेतील संशोधकांनी २००९ साली गाठीत बीसीजी ही क्षयरोगाची लस टोचून तिला व्हिन्क्रिस्टीनची जोड दिली. गाठी विरल्या, पण कुत्रे मोजकेच होते. केमो आणि प्रतिकारशक्तीचे सहकार्य तपासण्यासाठी याहून सुलभ रोग सापडणे कठीण, आणि तो आपल्याकडे मुबलक आहे.

तीन मतप्रवाह

पहिला मतप्रवाह जोडउपचार आत्ताच वापरावा असे म्हणतो. कुत्र्याचे आयुष्य छोटे, रोग वेगवान आणि बहुतेक लसींचे दुष्परिणाम ताप, मरगळ वा इंजेक्शनच्या जागी सूज इतपतच. पक्क्या पुराव्याची वाट पाहण्याइतका वेळ त्या कुत्र्यापाशी नसतो. संमती देणाऱ्या पाळकाला ही संधी का नाकारावी, हा त्यांचा प्रश्न मानवी आहे.

दुसरा मतप्रवाह तुलनेवर बोट ठेवतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या तुलनात्मक ऑन्कॉलॉजी जाळ्याने ऑस्टिओसार्कोमाच्या ३२४ कुत्र्यांवर घेतलेली मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. पाय काढून कार्बोप्लॅटिन आणि वर सिरोलिमस हे औषध, अशी तिची रचना होती. सिरोलिमसचा फायदा झाला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे केवळ प्रचलित उपचार मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य सुमारे नऊ महिने निघाले. लिस्टेरिया लसीच्या अभ्यासातला तुलनागट चौदा महिने जगला होता. कुत्रे कसे निवडले यावर तुलनागटाचा आकडा इतका हलतो, तर जुन्या नोंदींशी केलेल्या तुलनेवर किती विसंबायचे? शिवाय हजारो रुपये खर्चूनही फायदा न झालेल्या पाळकाचाही विचार व्हायला हवा, असे हे तज्ज्ञ म्हणतात.

तिसरा मतप्रवाह जोडीपेक्षा पर्यायाचा विचार करतो. मिसुरी विद्यापीठातील १४ कुत्र्यांच्या अभ्यासात पाय काढल्यावर केमो न देता गाठीची लस आणि प्रयोगशाळेत चेतवलेल्या स्वतःच्याच टी-पेशी दिल्या; मध्यक आयुष्य ४१५ दिवस आले. केमो टाळता आली तर प्रतिकारपेशीही शाबूत राहतील, अशी त्यांची मांडणी. इथेही कुत्रे थोडे आणि सोबत तुलनागट नाही.

अनुत्तरित प्रश्न

क्रमाचा प्रश्न सर्वात मोठा. केमोच्या आधी, सोबत की नंतर, हे १९९५ नंतर फार थोड्या चाचण्यांनी थेट तपासले आहे. दुसरा प्रश्न स्टेरॉइडचा. प्रेडनिसोलोन लिम्फोमाच्या पेशीही मारते आणि खर्चाअभावी अनेक कुत्र्यांना तेवढेच मिळते. इम्युनोथेरपी द्यायची असेल तर ते केव्हा थांबवावे, यावर एकमत नाही.

तिसरा प्रश्न निवडीचा. कोणत्या कुत्र्याला फायदा होईल हे आधी सांगणारी भरवशाची चाचणी पशुवैद्यकाच्या हाती नाही. माणसांत पीडी-एल-१ची पातळी आणि गाठीतल्या जनुकीय बदलांची संख्या यांची मदत होते. कुत्र्यांत हे निकष पक्के झालेले नाहीत. चौथा प्रश्न डोसाचा. रोजच्या छोट्या डोसाची सायक्लोफॉस्फामाइड प्रतिकारशक्तीला पोषक दिसते, पण दीर्घ वापराने मूत्राशयातून रक्त येण्याचा त्रास होतो. फायदा टिकवून हा त्रास टाळणारा मध्य अजून सापडायचा आहे.

निष्कर्ष

उपलब्ध पुराव्यावरून एवढे म्हणता येते: केमो आणि इम्युनोथेरपी एकमेकांना पूरक ठरू शकतात आणि ऑस्टिओसार्कोमात ते यादृच्छिक चाचणीतून दिसलेही आहे. पण हा फायदा रोगानुसार आणि क्रमानुसार बदलतो. 'केमो अधिक इम्युनो' असे सरसकट सूत्र आज कोणालाही देता येणार नाही. लिम्फोमात चॉप आणि पाय काढल्यावर ऑस्टिओसार्कोमात कार्बोप्लॅटिन हाच आजचा पाया आहे. जोड द्यायची ती या पायावर, त्याला धक्का न लावता.

महाराष्ट्राला यात हातभार लावता येईल. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्था, नसबंदी केंद्रांवर येणारे टीव्हीटीचे कुत्रे आणि स्वस्त औषधे हे सगळे आपल्यापाशी आहे. व्हिन्क्रिस्टीनसोबत प्रतिकारशक्ती चेतवणारा उपचार, चिठ्ठ्यांनी पाडलेले गट आणि नीट नोंदी एवढ्यावर उभी राहणारी चाचणी इथे होऊ शकते आणि व्हायला हवी.

पाळकांना एक विनंती. कुत्र्याच्या अंगावर हाताला गाठ लागली किंवा लंगडणे दोन आठवड्यांत थांबले नाही, तर वाट पाहू नका. कोणताही जोडउपचार लवकर निदानाची जागा घेऊ शकत नाही. आणि कोणी नवी लस वा प्रतिपिंड सुचवले, तर तीन गोष्टी विचारा: हे नेमके याच कर्करोगावर तपासले आहे का, तुलना कोणाशी केली, आणि केमोच्या कोणत्या टप्प्यावर द्यायचे. या तिन्हींची उत्तरे मिळाली, तर निर्णय डोळसपणे घेता येईल. ती मिळाली नाहीत, तर चांगली दिलेली केमो आणि वेदनाशमन हाच आज तुमच्या कुत्र्यासाठी अधिक भरवशाचा उपचार आहे.